कुंजप्पनचं पहिलं पिल्लू

कुंजप्पनला घरात बसणं जमत नसे. पायाला भिंगरी आहे असं आपण कुणाकुणाबद्दल म्हणतो, त्याच्या बाबतीत तो धंदाच होता. चाळीस वर्षं तो केरळातल्या कुट्टनाडच्या कापणी झालेल्या भातशेतांतून बदकं चारत हिंडला. दीड-दोन हजारांचा कळप, हातात लांब काठी, मागे लहानशी होडी. एका शेतातले दाणे आणि गोगलगायी संपल्या की कालव्यातून पुढच्या शेतात. बांधावरच चूल, बांधावरच झोप. बायको विलासिनी शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे महिन्याकाठी एक पाहुणा येतो. पेज पितो, कमरेचा मुंडू बदलतो आणि जातो. माणूस चांगला वाटतो."

मग गेल्या धनू महिन्यात, ऐन थंडीत, बदकांत रोग आला. सरकारी माणसं पांढरे पोशाख घालून आली आणि दोन दिवसांत आसपासच्या गावांतलं एकही बदक शिल्लक राहिलं नाही. रोग पसरू नये म्हणून तसं करावंच लागतं, हे कुंजप्पनला कळत होतं. तो बांधावर उभा राहून बघत राहिला. नंतर धंद्यातली माणसं लांबून लांबून त्याला भेटायला आली, त्याचा हात धरून बसली. विलासिनी सगळ्यांना काळा चहा देत होती. तिसऱ्या दिवशी तिने परसातली पिलांची शेड चुना लावून धुतली, टोपल्या माळ्यावर टाकल्या आणि त्यानंतर बदक हा शब्द तोंडातून काढला नाही.

कुंजप्पन घरी राहू लागला. राहू लागला म्हणजे काय, ओसरीवर बसायचा, उठायचा, कालव्याच्या पायऱ्यांपर्यंत जायचा, होडीचा दोर सोडायचा, परत बांधायचा. गुडघा दुखायचा तरी फेऱ्या थांबत नव्हत्या.

"अहो मनुष्या," विलासिनी आतून ओरडायची, "त्या दोराचा जीव जाईल. एक तर जा कुठे तरी, नाही तर बूड टेका."

जायचं कुठे? शेतं पाण्याने भरलेली होती आणि बदकं नव्हती.

चार महिन्यांनी बदकं पाळण्यावरची सरकारी बंदी उठली. पलीकडच्या काठावरच्या अच्चाम्माने लेकीच्या सासरहून बदकाची अकरा अंडी आणवली आणि आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. बदकं स्वतः अंड्यांवर बसायचा कंटाळा करतात, हे काम तिकडे कोंबड्याच करतात. अठ्ठाविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली. कोंबडी ती घेऊन उठून गेली. अकरावं अंडं मागे राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अच्चाम्मा ते पदरात धरून होडीतून आली.

"कुंजप्पन चेट्टा, हे बघा. टवका गेलाय, आतून आवाजही येतोय. पण त्या बाईसाहेब काही परत बसत नाहीत."

कुंजप्पनने अंडं कानाशी धरलं. आत कुणी तरी बारीक, चिडक्या सुरात ओरडत होतं. खरं तर त्याच्या धंद्यात असल्या अंड्याला कुणी हात लावत नसे. हजारांत पन्नास जायचीच. मागे राहिलेलं मागेच टाकायचं आणि पुढे चालायचं. अच्चाम्मालाही ते ठाऊक होतं.

"तुम्हाला नको असेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "मांजराला घालते."

"ठेव इथे," कुंजप्पन म्हणाला.

"विलासिनी चेची, नवऱ्याला काम मिळालं बरं का!" अच्चाम्मा जाता जाता ओरडली. आत भांड्यांचा आवाज तेवढा चालू राहिला.

"अगं, ती टोपली कुठे आहे?" कुंजप्पनने विचारलं.

"माळ्यावर."

ती काढून देणार नाही हे त्याला उमगलं. दुखरा गुडघा घेऊन तो शिडी चढला, टोपली आणि जुन्या बल्बची वायर खाली आणली. तूस पसरलं, वर बल्ब टांगला, अंडं खाली ठेवलं आणि समोर बसला.

थोडा वेळ बसला. मग उठला, पायऱ्यांपर्यंत गेला, परत आला. टवका होता तेवढाच. आवाज मात्र चालू. दुपार झाली तरी टवका तेवढाच. चाळीस वर्षांत कुंजप्पन कशासाठी थांबला नव्हता. बदकं थांबली तर तो काठी आपटायचा. त्याचे हात शिवशिवायला लागले. नखाने त्याने कवचाचा एक कपचा उडवला. दुसरा उडवला. तिसऱ्याखाली पापुद्रा फाटला आणि रक्ताचा लाल ठिपका वर आला.

"हात काढा!"

विलासिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात खोबऱ्याने माखलेले.

"त्याचं रक्त अजून कवचाच्या बाजूला आहे. ते आधी आत ओढून घेतं, मग बाहेर येतं. दिवस लागतो, दीड दिवस लागतो. तुम्ही ओढून काढलंत तर मरेल."

"तुला काय माहीत?" कुंजप्पन म्हणाला. चिडून नव्हे, सवयीने.

विलासिनीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "खरंच," ती म्हणाली, "मला काय माहीत." आणि आत गेली.

जाताना तिने ओलं फडकं मात्र टोपलीच्या कडेवर टाकलं होतं. ते कशासाठी हे त्याला विचारावं लागलं. आतूनच उत्तर आलं, "अंड्यावर घाला. पापुद्रा सुकला की चिकटतो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला कवचाची टोपी गोल कापल्यासारखी उघडली आणि एक ओलं, कुरूप, मान न सावरणारं पिल्लू तुसावर पडलं. कुंजप्पनने हजारोंनी बदकं पाहिली होती. बदक जन्मताना तो पहिल्यांदाच बघत होता.

संध्याकाळपर्यंत पिल्लू सुकून पिवळं-तपकिरी झालं आणि टोपलीतून त्याच्याकडे बघू लागलं. त्या क्षणापासून कुंजप्पनचे हाल सुरू झाले. तो दाराआड गेला की ते किंचाळायचं. परत आला की गप्प. बाहेर ठेवलं तर टाचेशी टाच लावून चालायचं. पायऱ्यांपर्यंतच्या त्या फेऱ्या आता तीनदा थांबून व्हायला लागल्या, कारण पिल्लू मध्येच दमून बसायचं.

"आता कसं," विलासिनी म्हणाली. "आजवर तुम्ही हाकत होतात."

बसणं भाग पडलं तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हतीच. उलट तगमग वाढली. नारळीवर कावळा बसला की तो उठायचा. घार फिरली की उठायचा. मुंगूस, मांजर, नाल्यातला सरडा, सगळ्यांचा त्याला संशय येई. एकेका मोसमात दोनशे बदकं गेली तरी त्याच्या पोटातलं पाणी हललं नव्हतं, आणि आता हे मूठभर पिल्लू शिंकलं तरी तो अच्चाम्माला हाका मारायचा. अच्चाम्मा हसायची. "चेट्टा, पहिलटकरीण इतकी घाबरत नाही हो!"

पाचव्या दिवशी ऊन कडक होतं. पिल्लू पाण्याच्या बशीत चोच घालून उगाच पंखांवर पाणी उडवायचा प्रयत्न करत होतं. कुंजप्पनला वाटलं, याला पाणी हवंय. बदकाच्या पिलाला पोहायला का शिकवायचं असतं? त्याने ते उचललं, पायऱ्या उतरला आणि कालव्यात सोडलं.

सुरुवातीला ते मजेत निघालं. कुंजप्पन चक्क मोठ्याने हसला. मग त्याच्या लक्षात आलं की पिल्लू बसकं दिसतंय. पाठ पाण्याला लागली. मग मानच तेवढी वर राहिली. ते ओरडत नव्हतं, हेच वाईट. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला, गुडघा मुरगळला, आणि ओंजळीत आलं ते ओल्या चिंधीसारखं होतं, थंडगार, डोळे मिटलेलं.

"विलासिनी! अगं विलासिनी!"

ती धावत आली. त्याच्या हातातून पिल्लू घेतलं, पदराने खसाखसा पुसलं, चोळीच्या आत पोटाशी धरलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. तोंडाने चालूच होतं.

"अक्कल आहे का? या वयाच्या पिलाच्या अंगावर तेल नसतं. आईच्या पोटाखाली शिरून ते अंगाला लागतं. याला आई कुठेय? तुम्ही आहात! तुमच्या अंगाला कसलं तेल?"

"मला वाटलं, जन्मतःच पोहतात ती..."

"वाटेलच. चौथा आठवडा लागला की होडी घेऊन यायचात, काठी आपटायचात आणि म्हणायचात, बघ विलासिनी, लेकाची जन्मतःच पोहतात." तिने चुलीत एक काटकी ढकलली. "त्याआधीचे तीन आठवडे ती कुठे असायची? नाकपुड्या बुडतील एवढंच पाणी, पोट भिजता कामा नये, बशीत खडे. गर्दी करून चेंगरली तर हाताने वेगळी करायची. धाकटीला ताप भरला होता तेव्हा आठशे पिल्लं होती शेडमध्ये. एक हात तिच्या कपाळावर, एक टोपलीत. तुम्ही तेव्हा तिकडे तकळीच्या शेतांत होतात."

कुंजप्पन ओल्या मुंडूत तसाच उभा होता. मुंडूतून पाणी जमिनीवर टपटपत होतं.

"धनू महिन्यात," ती जरा वेळाने म्हणाली, आता हळू आवाजात, "लोक तुम्हाला भेटायला आले. कळप गेला म्हणून. परसात सहाशे होती माझी. बारा दिवसांची. मी चहा करत होते."

कुंजप्पनला जे सुचत होतं ते सगळं उशिराचं होतं. तो तिच्या शेजारी चुलीपाशी बसला, आणि त्या दिवशी बराच वेळ, गुडघ्याला ठणका लागला तरी, उठला नाही.

चुलीच्या उबेत तासाभराने विलासिनीच्या पोटाशी वळवळ झाली. मग तो चिडका आवाज आला. तिने पिल्लू बाहेर काढलं, उजेडात धरून बघितलं, त्याची चोच बोटाने पुसली आणि कुंजप्पनच्या हातात दिलं.

"घ्या. मी परत जीव लावणार नाही. विचारा, सांगेन."

मग तो विचारू लागला. भात किती शिजवायचा? मासळी कुटून घालू का? तूस केव्हा बदलायचं? रात्री बल्ब किती वर? दिवसातून वीसदा विचारायचा. विलासिनी भांडी घासता घासता, झाडता झाडता सांगायची आणि कधी कधी वैतागायची. "मला चाळीस वर्षं कुणी सांगितलं नाही," असंही म्हणायची. पण सांगायची.

पिल्लू मादी निघालं. सातव्या आठवड्यात अच्चाम्माच्या दहा बदकांचा आवाज ऐकून ती एका सकाळी पायऱ्या उतरली, कालवा ओलांडून गेली आणि मागे वळूनही बघितलं नाही. अच्चाम्माने पलीकडून ओरडून सांगितलं, "सासरी पोचली हो!" कुंजप्पनने होडीचा दोर सोडला. परत बांधला.

भर पावसाळ्यात, कर्क महिन्यात, त्याने विलासिनीला न विचारता शंभर पिल्लं आणली. एका दिवसाची. खोका ओसरीवर ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"मी करणार आहे," तो घाईने म्हणाला. "तू हात लावायचा नाहीस. तू हरिपाडला बहिणीकडे जा. किती वर्षं बोलावतेय ती."

"पिलांच्या दिवसांत?"

"म्हणूनच."

ती दोन दिवस घुटमळली. मग पेटी भरली, खरंच गेली. आठ दिवसांसाठी. लग्न झाल्यापासून पिलांच्या दिवसांत ती कधी घराबाहेर पडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला.

"अगं, सगळी कोपऱ्यात ढीग करून बसलीत. एकावर एक. काय करू?"

"गारठलीत. बल्ब खाली घ्या."

"किती?"

"मोजून कसं सांगू? खाली हात धरा. हाताला बरं वाटलं की त्यांनाही वाटतं." ती थांबली. "किती गेली?"

"दोन."

"दोन जातातच."

"मला चालत नाही," कुंजप्पन म्हणाला. तिकडून बहिणीच्या घरचा रेडिओ, कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. "तू लवकर येतेस का?"

"मी आठ दिवस म्हणाले होते ना? आठ दिवस." आणि मग, "फडकी ओली ठेवू नका. मुंग्या बघा. ठेवते आता, आम्ही देवळात निघालोय."

कुंजप्पनने बल्ब चार बोटं खाली घेतला आणि त्याखाली हात धरून राहिला. ढीग हळूहळू सुटला. एक-एक पिल्लू बाजूला झालं, काही बशीकडे गेली, काही त्याच्या मनगटाला टेकली. तो बसून मोजू लागला. साठापर्यंत आला, तेवढ्यात बाहेर कावळा ओरडला. तो उठून बघून आला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.