अंजनाबाईची हंसा

विणकर अंजनाबाईनं हंसाबेन नावाची बडी गुजराती शेठाणी भागीदार केली, अशी आवई चौऱ्याहत्तरच्या लगनसराईत नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात उठली. कुणी तिच्या कानातले हिरे पाहिले होते, कुणी तिची मोटार. खरं एवढंच, की हंसा बाई नव्हती, गुजरातीही नव्हती, आणि तिला संपून तीनशे वर्षं झाली होती.

हे कळलं तेव्हा ठोक कापडवाले भैय्याजी तक्क्यावरून घसरलेच.

नागपूर, उमरेड, भिवापूर, पवनी. एका एसटीच्या रस्त्यावरची ही विणकरांची ठिकाणं. लुगडी घेऊन बाया एकाच गाडीतून उतरायच्या, पण भैय्याजींच्या दुकानात एकेकट्या शिरायच्या. भैय्याजी उमरेडवालीला सांगायचे, "भिवापूरवाली याच्याहून कमीत देऊन गेली." भिवापूरवालीला उमरेडचं नाव सांगायचे. वीस वर्षं या एका वाक्यावर दुकान चाललं, मालकाचं पोटही सुटलं.

मग नागपुरातच अंजनाबाईच्या पुढच्या खोलीत विश्वनाथ सर भाड्यानं आले. इतिहासाचे मास्तर; उद्याचा धडा आज मोठ्यानं वाचायचे. सुताच्या कांड्या भरता भरता अंजनाबाईनं ऐकलं, की जर्मनीकडच्या समुद्रकाठी ल्युबेक, हॅम्बुर्ग अशी शहरं होती, तिथल्या व्यापाऱ्यांनी एकेकटं लुटलं जाण्यापेक्षा जूट केली, आणि तिचं नाव हान्सा; अंजनाबाईच्या तोंडी हंसा. करार मोडणारं अख्खं शहर बाहेर.

"मोठं शहर बी, सर?"

"कितीही मोठं असो."

पुढच्या मंगळवारी चारही ठिकाणच्या बाया घोळक्यानं दुकानात शिरल्या आणि एकच भाव बोलल्या. घासाघीस केली की एकच उत्तर, "हंसाचं ठरलं हाये!" भैय्याजींनी गांधीबाग पालथी घातली, लकडगंज पालथं घातलं. हंसाबेन सापडेना. शेवटी सरांनाच दुकानात बोलावलं, आणि उलगडा झाल्यावर मांडीवर थाप मारली. "मेलेली हंसा! अन् मी जित्तीले भिऊन राहिलो होतो!"

ते स्वतः उमरेडला गेले. अंजनाबाईची धाकटी बहीण बायजाबाई तिथली विणकर, जुटीतलीच; तिच्या पोरीचं लग्न तोंडावर. गोड बोलून कमी भावात तिची सगळी लुगडी उचलली आणि बातमी आपणच बाजारात सोडली. हिशेब सरळ होता. अंजनाबाई बहिणीची चूक पोटात घालणार, बाकीच्या भडकणार, आणि जूट फुटणार.

मंगळवारी बाया आल्या. मागून बायजाबाईही आली, नवं गाठोडं घेऊन. पवनीवाली तोंड उघडणार, तोच अंजनाबाई वळली.

"बायजे, वर्षभर तू बाहेर. आमच्यासंगं तुझं लुगडं विकायचं नाही."

पवनीवालीचं तोंड उघडं ते उघडंच. बायजाबाई तिथंच पायरीवर बसली. भैय्याजींचा विडा तोंडाशी जाता जाता थांबला.

"अवो बाई, सख्खी बहीण ना तुमची! काहून एवढं?"

अंजनाबाईनं पदर खोचला.

"बहीण हाये, म्हणून तिच्या पोरीच्या लग्नात पंगत मीच वाढीन, भैय्याजी. पण तिचं लुगडं तुमी घेतलं, तर आमचं तुमाले दिसणार नाही."