पडद्यावरची हिरवी टाकी

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनाबाहेर पडले आणि आधी दिसल्या त्या घागरी. लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकच्या घागरी (इथं त्यांना ‘कुडम’ म्हणतात) टँकरची वाट पाहत फुटपाथभर मांडलेल्या. दोन हजारनंतरची ती दुष्काळी वर्षं. एवढं अफाट शहर लॉरीतून आलेलं पाणी पीत होतं, हे पाहून मी रिक्षा करायचीच विसरले.

मी सातारा भागातल्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्याची अभियंता. पाणी योजनांचे संगणक घुसखोरांपासून कसे राखायचे, हे शिकवणारा वर्ग सरकारनं स्वखर्चानं चेन्नईत भरवला होता. आमच्याकडचं कुणी यायला तयार नव्हतं. “संगणकातून पाणी कोण चोरणार?” म्हणत साहेब हसले होते. मलाही ते पटलं होतं.

शिकवायला रुक्मिणीबाई होत्या. पन्नाशीच्या, केसांत मल्ली (मोगरा) माळलेल्या. माझं आडनाव ऐकून त्या थबकल्या. “मराठी काय तुम्ही? आम्हीही मराठीच, तंजावरचे. आमचें बोलणें तुम्हांस जुनें वाटेल हो!” जुन्या पत्रांतली भाषा तमिळ हेलात ऐकताना माझ्या अंगावर शहारा आला. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातला दहीभात आग्रहानं माझ्या पानात वाढला.

जेवणानंतर त्यांनी आम्हाला एका काचेच्या टाकीसमोर बसवलं. शेजारी छोटा पंप आणि संगणक. “लक्ष ठेवा,” म्हणून त्या निघून गेल्या. पडद्यावर टाकी निम्मी भरलेली, हिरवीगार. आम्ही पडद्याकडे बघत गप्पा मारत राहिलो. अचानक माझे पाय भिजले. समोरची टाकी काठोकाठ भरून फरशीवर ओसंडत होती, आणि पडद्यावर ती अजून निम्मीच! ओरिसाचे एक अभियंता पंप बंद करायचं बटण दाबत राहिले, पंप ऐकेना. शेवटी मी प्लगच उपसला.

रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या. “मी पलीकडच्या खोलींतून तुमच्या संगणकास खोटें सांगितलें. त्यानें तें तुम्हांस सांगितलें.”

मी भिजलेल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

“तुमच्या गावीं बाहेरून आंत यायची वाट कोणती?” त्यांनी मला विचारलं.

“ठेकेदाराचा मोडेम. फोनवरून जोडतात.”

“पासवर्ड?”

“बसवताना दिला, तोच.”

त्यांनी खिडकीतून समोरचं एसटीडी बूथ दाखवलं.

फोनवर आमचे पंपचालक साळुंखे होते. “मोडेमचा दिवा लुकलुकतोय की मॅडम. ठेकेदाराचा माणूस आत असंल.” मी ठेकेदाराला फोन लावला. त्याचं कुणीच आत नव्हतं. पुन्हा साळुंख्यांना लावला. “वायर काढा. आणि क्लोरीनच्या यंत्रापाशी जाऊन स्वतः बघा.”

ते परत येईपर्यंत मी रिसीव्हर घट्ट धरून उभी होते.

“मॅडम, कुणीतरी मात्रा वाढवून ठेवलीय. मी हात लावला नाही, आईशपथ.”

“गावात सोडलंय पाणी?”

“अजून नाही.”

“सोडू नका. मात्रा हातानं खाली आणा, पाणी तपासा, मगच सोडा.”

रविवारी रुक्मिणीबाई मला बसनं चेन्नईजवळच्याच कोवलम या कोळ्यांच्या गावाला (केरळातलं ते वेगळं) घेऊन गेल्या. होड्या किनाऱ्याला लागत होत्या, मासळीचा लिलाव चालला होता, आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर समुद्र. त्या विस्तारासमोर मी अगदी लहान झाले. कुठून तरी, कुठल्या तरी खोलीतून एक हात आमच्या गावाच्या पाण्यापर्यंत पोचला होता. “हें शिकणें छोट्या गावांस कोठून परवडणार?” बाई म्हणाल्या. “म्हणून सरकारानें शिकवावें.”

तो घुसखोर कोण होता, ते कधीच कळलं नाही. परत आल्यावर मी पासवर्ड बदलले, मोडेम गरजेपुरताच जोडायचा असा नियम केला आणि सगळ्या पंपचालकांना काचेची टाकी मांडून तोच धडा दिला. साहेब पहिल्या रांगेत बसले. त्यांचे बूट भिजले.

गावी परतले त्याच दिवशी, मी आल्याचं पाहून शेजारच्या वहिनी दारात आल्या होत्या. “तू तिकडं गेलीस आणि इथं एक दिवस पाणी किती उशिरा आलं गं! तुमच्या खात्याचा काही भरवसाच नाही.”

“चुकलंच वहिनी,” मी म्हणाले. इतक्या आनंदानं मी आजवर कुणाची तक्रार ऐकून घेतली नव्हती.