मी त्यांची तोंडं पाहिली होती

निकालाच्या दिवशी संध्याकाळी ते चौघे धुळ्याहून गावात परत आले. उघड्या जीपमधून. पुढे डीजे, मागे मोटरसायकली. त्यांची घरं वरच्या गल्लीत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकडे. तिकडून यायचं त्यांना काही कारण नव्हतं. तरी मिरवणूक आमच्या दारावरून नेली. दारासमोर थांबवली. डीजेचा आवाज वाढवला. आमच्या घराचे पत्रे थरथरत होते.

सासू बाहेर ओट्यावर बसलेली. ती उठली नाही. चौघांतला धाकटा जीपमधून उतरला. कपाळभर गुलाल, हातात पेढ्यांचा डबा.

"ले व डोकरी. तोंड गोड कर."

सासूने हात पुढे केला.

मी दाराच्या फटीतून पाहत होते. तिच्या मनाने हात पुढे केला नाही. हातानेच केला. साठ-पासष्ट वर्षं त्या गल्लीतल्या कुणीही काही पुढे केलं की हात पसरायचा, एवढंच त्या हाताला माहीत. शिळी भाकर असो, जुनं लुगडं असो, सणाचं उरलेलं असो. पेढा तळहातावर आला. ते हसले. कोणीतरी मोबाईलवर काढलं. जीप पुढे गेली.

मग तिला कळलं आपण काय घेतलं ते. पोटच्या पोराला मारणारे सुटले, त्याचा पेढा.

तिने तो फेकला नाही. बोटं मिटून तशीच बसून राहिली. मी बाहेर आले. तिची बोटं एकेक करून उघडली. हात साबणाने धुतला. पुन्हा धुतला. ती सारखी म्हणत होती, "मना हात तोडी टाक व पोरी. मना हात तोडी टाक."

मी तिची सून. ज्याला मारलं, तो माझा नवरा.

त्याचं नाव दिलीप. हे नाव मी संसारात कधी तोंडाने घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. हाक मारायची तर "आयकं का" म्हणायचं. तो हसायचा. म्हणायचा, एकदा तरी नाव घेऊन बोलाव, बघू कसं लागतं कानाला. मी लाजायची. पुढे धुळ्याच्या कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, मयताचं नाव सांगा. मी म्हणाले, दिलीप. पहिल्यांदा. ऐकायला तो नव्हता. लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, जरा मोठ्याने. मी पुन्हा म्हणाले.

काय झालं होतं ते सांगते.

आमची स्मशानभूमी वेगळी. मेल्यावरही त्यांच्यात आम्हाला जागा नाही. नाल्यापलीकडे आमचा तुकडा, आणि तिकडे जायची पायवाट आबांच्या वावराच्या कडेने. आबा म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं घर. सोसायटी त्यांची, ट्रॅक्टर त्यांचे, कापसाची वावरं त्यांची. त्यांनी एका वर्षी ती वाट नांगरून टाकली. त्यात कपाशी लावली. कोणी काही बोललं नाही.

सासरे वारले ते भर पावसाळ्यात. वाट नव्हती, म्हणून तिरडी नाल्यातून न्यावी लागली. गुडघाभर चिखल. पुढच्या खांद्याला दिलीप होता. त्याचा पाय घसरला, तिरडी कलली, सासऱ्यांचा एक हात कफनातून बाहेर लोंबायला लागला. बांधावर आबांचा मोठा मुलगा उभा होता. तिथून म्हणाला, "संभाळी रे. बाप वाही जाई."

दिलीपने तिरडी सावरली. तो नरडाण्याला कंपनीत कामाला होता. फर्स्ट शिफ्ट संपली की शिंदखेड्याला तहसील कचेरीत जायचा. अर्ज, मग पुन्हा अर्ज. शेवटी मोजणी झाली. नकाशात वाट निघाली. साहेब लोक आले, दोन्ही कडांना दगड रोवून गेले. त्या दिवशी दिलीप घरी आला आणि आईला म्हणाला, "माय, आते तू मरशी तवय तुले चिखलमातीन नेवानं काम नही." सासूने त्याला लटका मार दिला. दोघं हसत होती. आमच्या घरातलं ते शेवटचं हसू.

वेचणीचे दिवस होते. दुपार कलली होती. मी त्या वाटेशेजारच्या वावरात मजुरीने कापूस वेचत होते. माझ्या बाजूच्या ओळीत शांताअक्का, पलीकडे आणखी दोघी. आमच्याच वस्तीतली, माझ्या बाळंतपणात तेल-पाणी केलेली. दिलीपला कोणीतरी सांगितलं, वाटेवरचे दगड उपटून फेकलेत. कामावरून परस्पर तो पाहायला गेला.

मला आधी आवाज आला, दाखव म्हणून दरडावणारा. "दखाड आते तुनी वाट."

मग काठ्यांचा आवाज. ओल्या गोणीवर मारल्यासारखा.

मी धावले. ओटीतला कापूस सांडला. डोक्यावरचा पदर गळून खांद्यावर आला, तोही घसरला. मी कपाशीतून बाहेर आले तेव्हा दिलीप खाली होता आणि चौघे त्याच्या भोवती. आबांचा मोठा मुलगा, धाकटा, आणि त्यांचे दोन चुलतभाऊ. मोठ्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. तो घाबरला नाही. मी पाहिलं, याने त्याला काहीच फरक पडला नाही. त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्यादेखत आणखी एक घातली. डोक्यात.

धुळ्याच्या दवाखान्यात नेताना पिकअपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नरडाण्याच्या पुढे कुठेतरी तो गेला. कुठे, ते मला कळलं नाही. मी त्याच्याशी बोलतच होते.

केस उभी राहिली. चौघांना अटक झाली, मग जामीन झाला. वर्षं गेली. साक्षी सुरू झाल्या तेव्हा शांताअक्का पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मी काहीच पाहिलं नाही." माझ्याकडे बघून म्हणाली नाही. खाली बघून म्हणाली. तिचा मुलगा आबांच्या ट्रॅक्टरवर होता. बाकीच्या दोघी वेचणाऱ्याही तेच म्हणाल्या. उरले मी एकटी.

त्यांच्या वकिलांचा आवाज गोड होता. मला ताई म्हणाले.

"ताई, तुमच्या वस्तीतल्या बायका वरच्या गल्लीतल्या पुरुषांसमोर पदर घेतात. खरं आहे?"

"हो."

"तोंड झाकेल इतका?"

"हो."

"तुम्हीही घेता?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"म्हणजे या चार आरोपींची तोंडं तुम्ही कधी नीट पाहिलेलीच नाहीत."

कुठे आणून उभं केलं, ते मला तेव्हा कळलं. तो पदर आम्ही हौसेने घेत नव्हतो. नाही घेतला तर ओट्यावरून शिव्या यायच्या. माझ्या सासूने एकदा डोक्यावर पाण्याची घागर असताना घेतला नाही, तर घागर दगड मारून फोडली होती. तोच पदर आता माझ्या नवऱ्याच्या खुन्यांच्या कामी येत होता.

मी म्हणाले, "साहेब, पदर पडला होता."

"पोलिसांच्या जबाबात तसं का नाही?"

"कोणी विचारलं नाही."

पदर पडला ही सांगायची गोष्ट असते, हे मला कुठून माहीत असणार? माझा नवरा पडला होता. मी तेवढंच सांगितलं होतं.

"बरं. तोंड न बघता गावातली माणसं तुम्ही ओळखता तरी कशी?"

मी खरं ते सांगितलं. "पायांवरून. चपलांवरून. आवाजावरून."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले. वकीलही हसले. जज साहेबांनी शांत राहायला सांगितलं, पण हसू झालं होतं. आरोपींच्या बाकावर धाकट्याने आपली चप्पल किंचित पुढे सरकवली. मला दिसेल अशी.

निकालात आलं की ओळख संशयास्पद आहे. साक्षीदार मयताची बायको आहे, तिला दुसऱ्या कुणाचा दुजोरा नाही. संशयाचा फायदा. चौघे निर्दोष. मला सगळं कळलं नाही. निर्दोष कळलं.

सरकारी वकील फायलीची नाडी बांधत म्हणाले, "सरकार अपील करेल की नाही ते वरचे ठरवतील. पण मयताच्या घरच्यांनाही करता येतं. तुम्हालाही. विचार करा." आणि पुढच्या केसला गेले.

मिरवणुकीनंतर माझा भाऊ जळगावहून आला. मेहरूणला राहतो. आम्हा दोघींना आणि माझ्या पोरीला घेऊन गेला. भाऊ वाईट नाही. त्याने सासूसाठी खाट टाकली. संध्याकाळी आम्हाला तलावावर फिरायला नेलं. म्हणाला, "ताई, इथंच राहा. डाळ मिलमध्ये लावून देतो. तिथं काय राह्यलं आता?"

तलावाच्या कडेला माणसं फिरत होती. पोरं कणसं खात होती. कोणी आम्हाला ओळखत नव्हतं. किती वर्षांनी मी उघड्या तोंडाने चालत होते, आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. मला वाटलं, राहावं. खरंच वाटलं. सासू पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "मना दिलीप तठे एकलाच शे."

आम्ही परत आलो.

धुळ्यात एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी निकाल वाचला. दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाल्या, "हे अपील करण्यासारखं आहे. खंडपीठ औरंगाबादला. वेळ लागेल. खूप लागेल." मी म्हणाले, लागू द्या.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. आबा स्वतः आले. आमच्या वस्तीत ते कधी पायी आले नव्हते. ओट्यावर सासू होती. सवयीने उठायला गेली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती बसली.

आबांनी बसायला काही मागितलं नाही. उभ्याने बोलले. झालं ते झालं. कोर्टानं सांगितलं ना पोरं निर्दोष आहेत. आता कशाला पुन्हा गावाची अब्रू? घरकुलात नाव घालून देतो, पोरीची शाळा बघतो. वकिलाला सांग, अपील नको. त्यांचा आवाज मऊ होता. मग त्यांना दिसलं.

"डोकावर पदर नही का व तुना?"

नव्हता. मी तोंडावर तर घेतलाच नव्हता, डोक्यावरही नव्हता. मी हात पाठीमागे धरले. आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळं पाहिलं. पांढऱ्या भुवया. हनुवटीवरचा व्रण. डोळ्यांखालच्या पिशव्या. इतक्या वर्षांत त्या माणसाचं तोंड मी प्रथमच इतकं निवांत पाहत होते. म्हातारं तोंड. बाकी काही नाही.

मी म्हणाले, "दखू द्या, आबा. पुढल्या येळे कोर्टात कोनी इचारं, ते नीट सांगता येवाले पाहिजे."

आबांचं तोंड लाल झालं. शिवी ओठांवर आली होती, ती मी आलेली पाहिली. पण वस्तीतल्या बायका दारांत आल्या होत्या. कोणी पदर घेतला होता, कोणी नव्हता. आबा वळले आणि गेले.

त्यानंतर वरच्या गल्लीत मला वेचणीला कोणी बोलावलं नाही. निंदणीला नाही. किराणा दुकानात माझा नंबर सगळ्यात शेवटी. मी नरडाण्याला पॅकिंगच्या कामाला लागले. एकदा पाणी भरताना शांताअक्का जवळ आली. हळूच म्हणाली, "माले जगनं शे व पोरी." मी तिला शिवी दिली नाही. माफही केलं नाही. माझी घागर भरली, मी घरी आले.

अपील दाखल झालं. दाखल करून घेतलं त्या दिवशी मी औरंगाबादला होते. मोठी इमारत, गार फरशी. काळे कोट भराभर चालत होते. आमचं काम काही मिनिटांत आटपलं. चौघांना नोटिसा काढायचं ठरलं. माझं नाव कोणी घेतलं नाही. दिलीपचंही नाही. नंबर घेतला.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी मला समजावून सांगितलं. अपिलात साक्षी पुन्हा होत नाहीत. खाली जे लिहिलं गेलं तेच जज वाचतात. मला पुन्हा बोलता येणार नाही. पदर पडला होता, हे पुन्हा सांगता येणार नाही. जेवढं कागदावर आलं तेवढंच. हे ऐकून मी तिथल्याच पायरीवर बसले. इतके दिवस मला वाटत होतं, वरच्या कोर्टात कोणीतरी मला विचारेल. मी नीट सांगेन. मनात शंभरदा सांगून ठेवलं होतं. रडू आलं ते तेव्हा. निकालाच्या दिवशीही इतकं आलं नव्हतं.

बाई शेजारी बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही दर तारखेला येण्याची गरज नाही. काही झालं तर मी फोन करेन."

"मी येईन."

"इतक्या लांबून? तुमचं तिथे काही काम नसतं हो."

मी म्हणाले, "वाचता वाचता साहेबांनी मान वर केली, तर समोर कोणीतरी दिसलं पाहिजे."



अपील अजून पडून आहे. लागेल तेव्हा लागेल. कदाचित हरू. हरलो तर त्याच्याही वर कोर्ट आहे, हे मी विचारून ठेवलं आहे. ते चौघे गावात आहेत. रोज सकाळी मी कामाला निघते तेव्हा ओट्यावर बसलेले असतात. मी त्यांच्याकडे बघते. एकेकाकडे. आता मान ते खाली घालतात.

मी गाव सोडणार नाही.