शेवट कुणाला सांगू नका!

टॉकीजच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. तो नको नको म्हणत असतो आणि लोक येऊन ते त्याच्या अंगावर टाकून जातात. मी शिरूरच्या एका जुन्या टॉकीजचा मॅनेजर. माझ्याकडे इतके साठलेत की घरात बायको म्हणते, "आता बास, जेवा!"

यात दोष आमचे मालक आप्पांचा. त्यांचा एक नियम आहे. शो सुटला की मॅनेजरनं दारात उभं राहायचं, बाहेर येणाऱ्याला "कसा वाटला?" विचारायचं आणि जे ऐकू येईल ते चहाच्या वेळी आप्पांना जसंच्या तसं सांगायचं. गल्ल्याचा हिशोब ते नंतर बघतात. "तिकीट काढताना मानूस आशेवर असतोय, भाईर पडताना खरं बोलतोय," असं त्यांचं म्हणणं. त्यांना म्हणायला काय जातं! दारात मी उभा असतो.

तर मध्यंतरी एक सायकॉलॉजिकल थ्रिलर लावला होता. एका अपघातानंतर तरुणाची मेमरी जाते. घरच्यांना ओळखत नाही, स्वतःचं नाव आठवत नाही, आणि त्याच अपघातात एकाचा जीव गेलेला. दोष कुणाचा, हे एकट्या या पोरालाच माहीत. शेवटी एक जबरदस्त झटका आहे. मी दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली : 'शेवट कुणाला सांगू नका!'

माझ्यासाठी हा पिक्चर चालणं फार गरजेचं होतं. आप्पांचा मुलगा शेखर टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय बांधायचं म्हणत होता. बाप-लेकाची रोज बोलाचाली. शेवटी आप्पा म्हणाले, "हा पिक्चर लागूंदे, बघूंदे. गुरुवारी सांगतो काय ते." म्हणजे माझी आख्खी नोकरी त्या विसरभोळ्या हिरोच्या गळ्यात!

*

पहिल्याच शोला निमोण्याचे तात्या आले. गावात वजन असलेला माणूस, सोसायटीत दोनदा चेअरमन. बाहेर आले ते रागानंच लाल.

"कसा वाटला, तात्या?"

"बोगस! सगळा पिक्चरच बोगस हाय."

"का हो?"

"आवो, त्यो पोरगा अडीच तास इचारतोय, मी कोण, मी कोण. आपल्या तालुक्यात कुठल्याबी स्टँडवर उभा केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं! कुठलं गाव, कुनाच्या भावकीतलं, मामा कुठलं, चुलती कुठली दिली... त्याला आठवायची गरजच काय? लोकान्ला आठवतंय की!"

मी म्हटलं, "तात्या, पिक्चर मुंबईतला आहे. तिथं कोण कुणाला ओळखतंय?"

"मंग सस्पेन्स मुंबईचा हाय, मेमरीचा न्हाई. तसं पाटीवर लिवा!"

*

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीतली पोरं आली. त्यांच्यात एक क्वालिटी डिपार्टमेंटचा होता, गळ्यात अजून कंपनीचं कार्ड. तो बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"सर, मेमरी का गेली?"

"डोक्याला मार लागला."

"मार का लागला?"

"गाडी धडकली."

"का धडकली?"

"ब्रेक लागला नाही."

"का लागला नाही?"

मी वैतागलो. "मला काय माहीत! मी गाडी चालवत होतो का?"

तो मित्रांकडं वळून म्हणाला, "बघा. कंपनीत आम्ही पाच वेळा 'का' विचारतो, हे चौथ्या 'का'लाच अडकले. पिक्चरचं रूट कॉजच क्लिअर नाय!"

आप्पांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही. गुरुवार जवळ येत होता.

*

आता आमच्या बापूचं ऐका. बापूची रिक्षा आहे, वर भोंगा लावलेला. नवा पिक्चर लागला की तो गावोगाव पुकारत फिरतो. या वेळी मी त्याला म्हटलं, "बापू, नेहमीचं रटाळ नको. आधी पिक्चर बघ, मग मनापासून बोल."

इथंच माझं चुकलं. त्यानं पिक्चर बघितला आणि तो मनापासून बोलला.

मी दुपारी ऑफिसात बसलोय, आणि रस्त्यावरून भोंगा ऐकू येतोय : "बघायला या! बघायला या! सगळं आठवत असूनबी काय आठवत न्हाई असं सोंग घेणाऱ्या बहाद्दराची थरारक कहानी!"

मी चप्पल न घालता पळत सुटलो. रिक्षा अडवली. "अरे बापू! हाच तर शेवट आहे! पाटी वाचता येत नाही का तुला?"

बापू शांतपणे म्हणाला, "वाचली की. शेवट कुनाला सांगू नका. मी एकेकट्याला कुठं सांगतोय?"

"तू आख्ख्या गावाला सांगतोयस!"

"मॅनेजरसाहेब, उद्या लोकं मलाच धरत्याल. म्हनत्याल, बापू, तुला म्हाईत व्हतं त्यो सोंग करतोय, आन् तू आमाला आजारी मानूस म्हनून बघायला पाठीवलंस. माझी गावात इज्जत हाय का न्हाई?"

तोवर तो निम्मी गावं फिरून आला होता.

*

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी मांडवगणची दूधवाली मंडळी आली. सोनबा त्यांचा म्होरक्या. सकाळची धार काढायची, दूध घालायचं, आवरून शिरूर गाठायचं, यात बारा वाजून जातात. म्हणून ही मंडळी बाराच्या शोला नेहमी इंटरव्हललाच पोचतात. मग बाराचा उत्तरार्ध बघायचा, तिथंच बसून तीनच्या शोचा पूर्वार्ध बघायचा आणि संध्याकाळच्या धारेला घरी जायचं. वर्षानुवर्षं हीच पद्धत. आप्पांची त्याला मुभा आहे. किती प्रेमकथांत यांनी आधी लग्न आणि मग ओळख बघितली असेल, देव जाणे!

तीनच्या इंटरव्हलला सोनबा बाहेर आला. मी तोंड फिरवून उभा होतो. तोच म्हणाला, "साहेब, इचारा की, कसा वाटला!"

"कसा वाटला?"

"एक नंबर! एवढा सरळ पिक्चर कवा बघितला न्हाई. आधी कळलं का गडी सोंग करतोय. मंग सुरवातीला बघितलं तर त्यो दवाखान्यात पडलाय, डोळं मिटून, आन् सगळी घरची येड्यावानी रडत्यात. आमी तर हसून हसून मेलो! मदी त्यो एक डोळा उघडून बघतोय, ते दिसतंय बरं का. न्हाईतर कुनाला दिसलं असतं?"

मी चार वेळा पिक्चर बघितला होता. मला तो डोळा दिसला नव्हता.

त्या दिवसापासून शिरूरमध्ये एकच बोलबाला झाला, की हा पिक्चर इंटरव्हलपासून बघायचा. लोक बाराचं तिकीट काढून कँटीनमध्ये वडापाव खात बसायला लागले. आत पडद्यावर हिरो तळमळतोय, "मी कोण आहे?" आणि हॉल रिकामा! मी कँटीनमध्ये जाऊन ओरडलो, "अहो, पिक्चर सुरू झालाय!" तर एकजण म्हणाला, "व्हय, म्हाईत हाय. आमचा अजून झाला न्हाई."

*

दौंडच्या मोरेमामांनी मात्र कहर केला. रेल्वेतून रिटायर झालेले, लेकीकडं शिरूरला आलेले. पिक्चरमध्ये एक सीन आहे. हिरो रेल्वेत खिडकीशी बसून झोपतो. जाग येते तर गाडी उलट्या दिशेनं चाललेली. तो घाबरतो, घामाघूम होतो. मागं व्हायोलिन. माझ्या मते पिक्चरमधला सगळ्यात भारी सीन. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

आणि त्या शांततेत मामांचा आवाज : "आरं, दौंड गेलं!"

आमच्याकडं पुण्याहून नगरला रेल्वेनं गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक. दौंडला गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी आली तशी उलटी निघायची. झोपलेला माणूस जागा झाला की हमखास गोंधळायचा. आख्खा हॉल हसायला लागला. व्हायोलिन कुणी ऐकतंय!

सुटल्यावर मी मामांना गाठलं. "मामा, काय केलंत हे! ती गाडी कोकणातली आहे!"

"मंग इंजिन कुठं काढलं ते दाखवाय नको?" मामा माझ्यावरच चिडले. "मी आयुष्यभर तेच काम केलं. त्यात येड लागण्यासारखं काय हाय?"

पुढच्या शोपासून तो सीन आला की पुढच्या रांगा एका सुरात ओरडायच्या, "दौंड!"

*

हे सगळं मी रोज आप्पांना सांगत होतो. आप्पा स्वतः रोज तीनच्या शोला कडेच्या खुर्चीत बसायचे. शेवटी सोमवारी मीच विचारलं, "आप्पा, सगळ्या तालुक्याचं मत ऐकलंत. तुम्हाला कसा वाटला?"

आप्पा म्हणाले, "माझी खुर्ची हालतीय. बघ तेवढं."

घ्या! माझं पोट या पिक्चरवर, आणि हे खुर्चीचं सांगतायत. वर यांची स्मरणशक्ती अशी, की कुठल्या पिक्चरला कुणी शिट्टी मारली आणि त्याच्या बापानं त्याला कसा कानाला धरून नेला, हे आजही नावासकट सांगतात.

एकच मत आप्पांनी हसण्यावारी नेलं नव्हतं. सुशीलाताई म्हणून एक रिटायर नर्स आहेत, गावातल्याच. त्या एकट्याच आल्या होत्या, सुरुवातीपासून बसल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.

"वाईट वाटलं हो," त्या म्हणाल्या. "चूक सख्ख्या भावाची. त्याचं नाव घ्यायला जीभ उचलंना, आन् खोटंबी बोलवंना. मंग बिचारा सगळंच इसरला. आपल्याच मानसाला तोंडावर न्हाई म्हननं लई अवघड असतंय."

मी हे सांगितलं तेव्हा आप्पांचा चहा तसाच राहिला. मग म्हणाले, "ह्या बाईला पिक्चर कळला."

*

गुरुवार आला. शेखर आला तो एकटा नाही, बांधकामाचा ठेकेदार बरोबर. ठेकेदारानं आल्या आल्या टेप काढली आणि ऑफिसची भिंत मोजायला लागला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आप्पा तीनचा शो बघून नुकतेच येऊन बसले होते. मी चहा सांगितला. मला वाटलं, टॉकीजमधला हा माझा शेवटचा चहा.

शेखर म्हणाला, "आप्पा, आज गुरुवार. काय ठरलं मग?"

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. "कशाचं?"

"मंगल कार्यालयाचं!"

"का? कुनाचं लगीन हाय?"

शेखर हसला. मग हसायचा थांबला. "आप्पा, चेष्टा नको. तुम्हीच म्हणालात, पिक्चर बघून गुरुवारी सांगतो."

"आरं, पन पिक्चर मी कुठं बघितलाय अजून? बघितल्याबिगर कसं सांगू?"

ठेकेदाराची टेप आपोआप गुंडाळली गेली. शेखरनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. तो एकदम खाली बसला, आप्पांचा हात हातात घेतला आणि एवढ्या मायेनं बोलला की मी त्याचा तो आवाज आजवर कधी ऐकला नव्हता. "आप्पा, बरं वाटत न्हाई का? मी कोण हाय, सांगा बरं."

"शेखर हायेस की," आप्पा म्हणाले. "ह्यो टेपवाला कोन?"

बाहेर पडताना शेखरचे डोळे भरले होते. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "आता त्यांच्यापुढं हा विषयच नको. जुन्या जागेत माणसाचा जीव रमतो. टॉकीज चालू दे. रोज बसू द्या त्यांना तिथं." ठेकेदाराला त्यानं गाडीत बसवलं आणि दोघं निघून गेले.

मी आत आलो. एवढा खमका माणूस आणि हे काय झालं, म्हणून मला आतून भडभडून आलं. आप्पा बशीत चहा ओतत होते.

मी हळूच म्हटलं, "आप्पा, घरी सोडू का तुम्हाला?"

आप्पांनी चहाचा घोट घेतला.

"ती खुर्ची अजून हालतीय," ते म्हणाले. "सोमवारी सांगितलं व्हतं तुला."