मॅड काऊचा डॉक्टर

आमच्या फरवानियातल्या घरी शुक्रवारी चार मराठी माणसं जमतात. तिघं तेल कंपनीतले इंजिनिअर आणि एक मी. त्यांचे किस्से शटडाउनचे आणि व्हॉल्वचे, ते आता आमच्या बायकांनाही पाठ झालेत. मग कुणीतरी म्हणतं, "डॉक्टर, तुमच्या गाईंचं सांगा." गुरांच्या डॉक्टरकडे किस्से शेणासारखे साचतात. रोज थोडेच पडतात, पण वेळच्या वेळी उचलले नाहीत तर एक दिवस दार उघडत नाही.

मी औशाकडचा. उदगीरला शिकलो आणि इथं सुलैबियात एका डेअरी फार्मवर आहे. कुवेतमध्ये गाई असतात का, असं गावाकडचे अजून विचारतात. असतात. पंख्याखाली, पाण्याच्या बारीक फवाऱ्यात. माझ्यापेक्षा त्यांचा उन्हाळा बरा जातो.

* * *

नोकरीसाठी बायोडेटा पाठवताना एका मित्रानं सल्ला दिला, की बाहेर मॅड काऊची फार धास्ती आहे, त्याबद्दल काहीतरी लिही. हा गाईच्या मेंदूचा रोग. गाय बिचकते, थरथरते, पडते आणि मरते. औषध नाही. एखाद्या देशात एक गाय सापडली की बाकीचे देश तिथून गाई, मांस, खाद्य सगळं घेणं बंद करतात. मी लिहून टाकलं, 'मॅड काऊचा चांगला अनुभव'.

मुलाखत मुंबईत एका हॉटेलात होती. फार्मचे मालक अबू नासर स्वतः आले होते. नोकरांकडून शिकलेल्या हिंदीत त्यांनी विचारलं, अशा किती गाई हाताळल्या? मी छाती काढून सांगितलं, पुष्कळ. त्यांनी खुर्ची मागं सरकवली आणि मघाशी माझ्याशी मिळवलेला हात रुमालानं पुसायला सुरुवात केली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे हा रोग सापडल्याची नोंदच नाही. माझा सगळा अनुभव म्हणजे कॉलेजच्या पुस्तकातली दोन पानं, त्यातलं एक कुणीतरी फाडून नेलेलं. तसं कबूल केलं आणि उठायला लागलो.

त्यांनी हातानंच बसवलं. म्हणाले, "खोटं बोलणारा चालेल. रोग आणणारा नको."

* * *

मी आल्यावर वर्षभरात अबू नासरनी युरोपातून गाभण कालवडी मागवायचं ठरवलं. त्यासाठी नवी शेड बांधली. पंखे, फवारे, खाली रबराच्या मॅट. काम आमच्या सावंतनं केलं. सावंत कुडाळचा, फार्मचा फिटर. दूध काढायच्या मशीनपासून नळापर्यंत सगळं तोच बघतो.

शेड तयार झाली आणि त्याच आठवड्यात, कालवडी जिथून येणार होत्या त्या देशात, मॅड काऊ झालेली एक म्हातारी गाय सापडली. आयात बंद. अबू नासरनी मला विचारलं, किती दिवस? मी विचारात पडल्यासारखं करून सांगितलं, पंधरा. ते पंधरा दिवस कॅलेंडरवर बरेच महिने चालले.

रिकामी गार शेड, खाली रबर. आम्ही तिथं दुपारी क्रिकेट सुरू केलं. एकदा ऐन रंगात आलेलो असताना अबू नासर एका पाहुण्याला शेड दाखवायला घेऊन आले. पॅड बांधलेला मी स्टंपपुढं आणि फवारे चालू. पाहुण्यानं चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, ही कुठली जात?

अबू नासर शांतपणे म्हणाले, "इंडियन. खातात भरपूर, दूध शून्य."

* * *

हा पुढचा, बायको आत आहे म्हणून सांगतो.

मॅड काऊ पसरला तो गाईंना मेलेल्या गुरांच्या हाडामांसाचा भुगा खाऊ घातल्यामुळं. त्यामुळं आमच्याकडे खाद्याचं पोतं आलं की त्यात काय आहे हे आधी वाचतात. एकदा एक कंटेनर आला, त्यातल्या पोत्यांवरची अक्षरं ओलीनं गेलेली. लॅबचा रिपोर्ट यायला आठवडा आणि गोदामात तीन दिवसांचंच खाद्य. अबू नासर काळजीत होते.

मला राहवलं नाही. आमचे कॉलेजचे सर पेंड चावून सांगायचे, त्यात काय काय आहे. मी सगळ्यांसमोर चिमूटभर तोंडात टाकलं, डोळे मिटले, सावकाश चावलं, गिळलं आणि जाहीर केलं, शुद्ध वनस्पती, माझी गॅरंटी.

सावंत दहा फुटांवर पाना घेऊन उभा होता. तिथूनच नाक वर करून म्हणाला, "मासो हा, डॉक्टरांनू. सुको."

रिपोर्टही तोच आला. फिश मील. कंटेनर परत गेला, मला मात्र गिळलेलं परत पाठवता येईना. आम्ही लिंगायत. आमच्या घराण्यात पहिल्यांदा मांसाहार केला तो मी, आणि तोही गाईच्या ताटातला.

* * *

या नोकरीचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या मुलीला. एका मित्राच्या मुलाच्या वाढदिवसाला सगळी पोरं जेली खात होती. जेलीतलं जिलेटिन गुरांच्या हाडाकातड्यापासून कसं बनतं आणि मॅड काऊनंतर त्याचे नियम कसे कडक झाले, हे मी कुणीही न विचारता समजावून सांगितलं. पोरांनी एकेक करून वाट्या खाली ठेवल्या.

घरी येताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, नेक्स्ट टाइम जस्ट से यू आर अ डेंटिस्ट."

पुढच्या पार्टीत तिनंच तशी ओळख करून दिली. लगेच एक वहिनी समोर आल्या आणि दाढ दुखते म्हणून आ केला. आता नाही कसं म्हणायचं? वाकून बघितलं. दात बघितले की आम्हाला जनावराचं वय कळतं. हातची सवय, बोलून गेलो.

वय बरोबर होतं. त्या घरून आम्हाला परत बोलावणं आलेलं नाही.

* * *

चौदा नंबर ही आमची सगळ्यात जुनी गाय, युरोपातून आलेली. दूध काढायला रांगेत नेहमी पहिली, पहिल्या कप्प्यात उभी राहायची, तो कप्पा तिचाच. स्वभाव इतका गरीब, की मी फोनवर बोलताना तिच्या पाठीवर कोपर टेकायचो. एका सोमवारी ती दूध काढायच्या पार्लरच्या दारातच अडली. ढकलून आत नेली तर थरथरायला लागली, लाथा झाडल्या, मशीन पाडलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझा हात लागताच ती दचकली. वय, देश, लक्षणं, सगळं पुस्तकातल्या त्या उरलेल्या पानाशी जुळत होतं.

दुपारी अबू नासरना सांगितलं. त्यांनी विचारलं, रक्त तपासून कळेल का? म्हटलं, नाही. गाय मेल्यावर मेंदू काढूनच खात्री होते. आणि सरकारी डॉक्टरांना एकदा कळवलं की निकाल लागेपर्यंत फार्म बंद. अबू नासरनी गोठ्याकडे बघितलं. त्यांच्या वडिलांनी सुरू केलेला फार्म. मला वाटलं, गप्प बस म्हणतील. त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "कळव, दकतूर."

सरकारी डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. सकाळच्या धारेला मी चौदा नंबरजवळ उभा होतो. तिच्याकडे बघवत नव्हतं. सावंतच्या गमबुटात पाणी गेलं होतं, म्हणून तो अनवाणीच आला आणि पहिल्या कप्प्याच्या पाइपला हात लावून झटकन मागं झाला. पुन्हा बोट लावलं, पुन्हा मागं.

"डॉक्टरांनू, गाय येडी नाय," तो म्हणाला. "तिका शॉक लागता."

आम्ही सगळे रबरी बुटात, कुणाला कसं कळणार? सावंत पाइपाच्या कडेनं शोधत मागं गेला. पाइपाखाली दबून सोललेली वायर निघाली. तिच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीमागच्या स्टुलावर, माझी चहाची किटली होती. रविवारी मीच जोडली होती.

सावंतनं प्लग काढला. चौदा नंबर जरा थांबली, मग आपणहून आत जाऊन उभी राहिली. मी तिच्या मानेला हात लावला, आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

तेवढ्यात सरकारी डॉक्टर आले, एक गंभीर इजिप्शियन गृहस्थ. बॅग खाली ठेवून त्यांनी विचारलं, संशयित कोण?

अबू नासरनी किटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "गाय ठीक आहे. पण आलाच आहात, तर आमच्या दकतूरचा मेंदू तपासा."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "त्यासाठी आधी मारावं लागतं."

अबू नासर बराच वेळ विचार करत होते.