भट्टीत भाजलेली पानं

दारव्ह्याच्या बाजारात गफ्फार पुस्तकं बांधायचा. फाटकं पुस्तक असं जोडायचा की सांधा दिसू नये, आणि त्याला त्याचीच घमेंड होती.

१९५७च्या उन्हाळ्यात जवळच्या तांड्यावरचा नेमसिंग त्याच्याकडे आजोबांनी लिहिलेली भजनांची पोथी घेऊन आला. मधली पानं वाळवीनं खाल्ली होती. त्यांवरची भजनं आता फक्त नेमसिंगच्या आईला, रामीबाईला पाठ होती. गफ्फारनं नवे कागद द्यायचे, आईनं सांगितलेलं नेमसिंगनं लिहायचं, मग गफ्फारनं सारं शिवायचं, असं ठरलं.

पिवळ्या पानांत पांढरे कागद उठून दिसतील, हे गफ्फारला सहन होईना. लिहायला देण्याआधीच, कोणाला न सांगता त्यानं ते तुरटी घातलेल्या चहात बुडवले, वाळवले आणि बेकरीच्या भट्टीत तांबूस होईस्तोवर भाजले. पोथी बांधून झाली. जुनं पान कोणतं, नवं कोणतं, तांड्यात कोणालाच सांगता येईना. गफ्फार खूश झाला.

चार वर्षांनी रामीबाई वारली. तिच्या दिवसकार्याला पोथी उघडली, तर उलटता उलटता नवी पानं पापडासारखी मोडली. नेमसिंगनं तुकडे दुपट्ट्यात बांधून आणले.

"आमच्याच हातून हयगय झाली असन, गफ्फारभाई," तो म्हणाला. "काही करता येते का पाहा."

गफ्फारनं आजोबांच्या हातचं पान बोटाभोवती वळवलं. ते वळलं. आपल्या पानाला नख लावलं, तर कोपरा गळून पडला. वाळवी नव्हती, ओल नव्हती. गप्प राहिला असता तर दोष नेमसिंगनं आपल्याच अंगावर घेतला असता.

"तुमची चूक नाही," तो खाली पाहून म्हणाला. "कागद म्या भाजला होता."

"कायले?"

"जुना दिसावा म्हणून."

"तुले कोणी सांगतलं होतं?"

"कोणीच नाही."

नेमसिंगनं मोडलेले तुकडे दुपट्ट्यावर सारखे केले. मग म्हणाला, "आई तर आता नाही."

गफ्फार तांड्यावर जाऊन बसू लागला. तुकडे जुळवून मलमलीवर चिकटवायचा. अक्षरं तुटली होती तिथं नेमसिंगची बायको बसंतीबाई आठवून सांगायची. ती सासूसोबत गायची. तरी काही कडवी गेलीच.

पुढं भजनाला त्याला बोलावणं यायचं. गेलेल्या कडव्यापाशी मंडळी क्षणभर थांबून पुढची ओळ धरायची. त्याच्याकडे कोणी पाहत नसे, आणि म्हणूनच त्याची मान वर होत नसे.