होणाऱ्या नवऱ्याची सही

“पेशंटबरोबर कोण आहे?” माझ्या ज्युनिअर डॉक्टरने विचारलं आणि पुढे आलेल्या तरुणाच्या हातात पेन दिलं.

“मी होणारा नवरा,” तो म्हणाला आणि तपासणीच्या संमतीवर त्याने झोकात सही ठोकली.

मी पुण्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, त्या दुपारी ही मुलगी आली. तिला मीनल म्हणू. हिंजवडीत नोकरी, चोविशी उलटलेली, साखरपुडा झालेला. बाथरूममध्ये पडली, रक्त थांबत नाही, असं त्यानेच सांगितलं. पण पडल्याने मनगटांवर बोटांचे वळ उठत नाहीत. मी त्याला बाहेर जायला सांगितलं.

“मॅडम, माझ्यापासून काय लपवायचं?”

“बाहेर बसा.”

दार लागल्यावर मीनल बोलली. “पडले नाही मी. धायरीच्या नव्या फ्लॅटवर पडद्यांचं माप घ्यायला गेलो होतो. मी नाही म्हणत होते त्याला. सारखी म्हणत होते.”

मला आमच्याच माणसांचा संताप आला. ज्याने केलं त्याचीच परवानगी घेऊन आम्ही तिला तपासणार होतो. बाईच्या तपासणीला घरच्या पुरुषाची सही घ्यायची सवय आमच्या हाडीमाशी खिळली आहे. कायदा साधा आहे. सज्ञान बाईची संमती फक्त ती देते. मी ती सही रद्द केली. पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक असतं, ते कळवलं. तक्रार द्यायची की नाही हे तुझ्या हातात, असं मीनलला सांगितलं.

तेवढ्यात तिचे आई-वडील आले. वडील निवृत्त शिक्षक, अगदी हळू आवाजात बोलणारे.

“अहो डॉक्टर, महिन्यावर लग्न आलंय. झालं ते वाईटच, पण घरातल्या घरात झालं. आपण पोलीस कशाला बोलावलेत?”

“तो घरातला अजून व्हायचाय. आणि पेशंट मीनल आहे. मी तिला विचारणार.”

“तिला काय कळतंय?” आई लेकीकडे न बघता म्हणाली. “मुली आधी नाहीच म्हणतात हो.”

पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी वाढायची आपली सवय कुठवर पोचली आहे, ते मला तेव्हा कळलं. मी दोघांनाही बाहेर पाठवलं.

मीनलने संमती वाचली. “मध्येच नको वाटलं तर?”

“थांबा म्हण. आम्ही थांबू.”

तिने सही केली. नमुने घेताना ती एकदम म्हणाली, “थांबा.” ज्युनिअरने तत्क्षणी हात मागे घेतला. मीनलने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं. आम्ही खरंच थांबलो होतो. उशीर झाला की पुरावा नाहीसा होतो, बाहेर वडील दार वाजवत होते, आणि आता ही उठून त्यांच्याबरोबर घरी जाते की काय, ही धास्ती मला होती. तरी ‘थोडंच राहिलंय’ असं आम्ही कुणी म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “करा आता. आणि मला तक्रार द्यायचीये. बाबांना तुम्ही नका सांगू, मी सांगते.”

तिने सांगितलं. वडील बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आई मात्र पोलिसांपुढे तिचा जबाब सुरू झाल्यावर तिच्याशेजारी जाऊन बसली.

पुढे मी कोर्टात साक्षीला गेले. त्याच्या वकिलांनी विचारलं, “साखरपुडा झालेला. फ्लॅटवर ती आपल्या पायांनी गेली. मग संमती नव्हती, हे कशावरून?”

“तपासणीलाही तिने स्वतःच सही केली होती,” मी म्हटलं. “मध्येच थांबा म्हणाली. आम्ही थांबलो.”

“विचारलं तेवढंच सांगा.”

“तेवढंच सांगितलं.”

निकाल अजून यायचा आहे. लग्न मोडलं. मीनल कामावर जाते. तो तरुण मोठ्या कंपनीत मॅनेजर होता. माझी ज्युनिअर तर अजून शिकतेच आहे, पण थांबा म्हटल्यावर थांबायचं असतं हे तिला शिकवावं लागलं नाही.